भंडाऱ्याचे दुसरे मत

१९५४ च्या उन्हाळ्यात भंडारा लोकसभा मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडल्या. जागा दोन होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि दोन्हींसाठी मत सगळ्यांनीच द्यायचे होते. त्या काळी शिक्का मारण्याची भानगड नव्हती. उमेदवारागणिक वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह: काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. पत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकली की काम झाले. मात्र दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यातली एक बाद व्हायची. पहिले मत आपल्या माणसाला दिले की दुसरे दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागे, नाहीतर मुद्दाम वाया घालवावे लागे.

सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले.

महाराष्ट्रात ही निवडणूक सांगितली जाते ती बाबासाहेबांचा दुसरा पराभव म्हणून. ते योग्यच आहे, पण त्यात जिंकलेला माणूस झाकला जातो. अशोक मेहता भंडाऱ्याचे खासदार दोनदा झाले, १९५४ मध्ये समाजवादी म्हणून आणि १९६७ मध्ये काँग्रेसचे म्हणून. मधल्या काळात ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरचे खासदार होते, मग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, मग केंद्रीय मंत्री. नंतर आणीबाणीतले कैदी आणि शेवटी पंचायत राज समितीचे अध्यक्ष. या पंचवीसेक वर्षांत एकाच प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. उपाशी देशात लोकशाही टिकवायची तर भाकरीचे वाटप आणि मताचा अधिकार यांची सांगड कशी घालायची? या प्रश्नाला त्यांनी एकापाठोपाठ तीन उत्तरे दिली. माझ्या मते पहिले चुकले, दुसरे अर्धे खरे ठरले, आणि तिसरे बरोबर असूनही कुणी मनावर घेतले नाही.

पण आधी ती पोटनिवडणूक लागलीच कशी ते पाहायला हवे, कारण आर्थिक न्याय आणि लोकशाही यांचा संबंध भंडाऱ्यात कुणा विचारवंताच्या भाषणातून पुढे आलेला नाही. तो आला बिडीतून.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले होते. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी उत्पादक पेढीत भागीदार होते. ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवत असे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे सातवे कलम सांगत होते की सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा वाटा किंवा हितसंबंध आहे, त्याला कायदेमंडळात बसता येणार नाही. निवडणुकीला आव्हान मिळाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. हे नागपूरचेच, तिथल्या उच्च न्यायालयाचे आधीचे मुख्य न्यायाधीश. जसानी यांचा करारातला हितसंबंध न्यायालयाने मान्य केला आणि ते अपात्र ठरले.

याच खटल्यात दुसराही एक धागा होता. राखीव जागेसाठी गंगाराम थावरे यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. कारण काय, तर ते महानुभाव पंथात गेले, म्हणून आता महार राहिले नाहीत. न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या: जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो, त्याची स्वतःची भावना काय आहे, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. तिन्हींवर पाहता थावरे महारच राहिले होते, म्हणून अर्ज फेटाळणे चूक होते. अशा रीतीने दोन्ही जागांची निवडणूक रद्द झाली. त्यानंतर अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा हाच प्रश्न केवढ्या तरी मोठ्या आकारात उभा राहिला. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राच्या कायद्याने मिळाल्या त्या १९९० मध्ये.

बिडीच्या मुद्द्यावर जरा थांबतो. भंडारा-गोंदिया भागात बिडीचे काम कसे चालते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सातव्या कलमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रात्री तेंदूची पाने ओली करून ठेवायची. सकाळी घरकाम उरकून मांडीवर सूप घेऊन बसायचे. फर्म्याच्या मापाने कातरीने पान कापायचे, त्यात जर्दा भरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, धाग्याने बांधायचे. मजुरी हजार बिड्यांमागे. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल नेला की तो निरखतो आणि छाट काढतो. छाटलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, आणि बिडी बहुतेक वेळा परतही मिळत नाही. कारखानदार आणि वळणारी बाई यांच्यामध्ये हा सट्टेदार उभा असतो. त्यामुळे कामगार कारखानदाराचा की सट्टेदाराचा, या वादात कोर्टाची कित्येक वर्षे गेली. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, आणि बिडीचा धंदा त्याच्या यादीत पहिल्यापासून होता. घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार धरणारा बिडी व सिगार कामगार कायदा यायला १९६६ उजाडले.

अशा जिल्ह्यात बिडीच्या पेढीचा भागीदार खासदार होतो, आणि त्याची पेढी सरकारलाच बिडी विकते. छाटीची तक्रार घेऊन ती बाई कुणाकडे जाणार? जसानींनी काही गैर केले असा निकालाचा अर्थ नव्हे; कराराबद्दल कुणाला लबाडीचा आरोप सिद्ध करावा लागलाच नाही. कायद्याने एवढेच म्हटले की ज्याला सरकारला हिशेब विचारायचा आहे त्याने सरकारचा पुरवठादार असू नये. पहिल्या लोकसभेच्या काळचे हे सोवळेपण पुढे सैल झाले. आता जे कलम आहे त्याखाली उमेदवाराने स्वतः सरकारशी केलेला आणि चालू असलेला करार असेल तरच अपात्रता येते. 'वाटा किंवा हितसंबंध' ही ऐसपैस शब्दयोजना गेली. आज जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यांची आणि बंधाऱ्यांची कामे कुणाच्या मेहुण्याच्या आणि कुणाच्या भाच्याच्या नावावर असतात हे गावच्या पारावर सगळ्यांना ठाऊक असते. १९५४ च्या कसोटीवर किती सदस्य तग धरतील, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता पुन्हा दोन पेट्यांकडे. मेहता आणि आंबेडकर ही जोडी भंडाऱ्यात पहिल्यांदा जमली नव्हती. १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघात समाजवादी पक्ष आणि फेडरेशन यांची युती होती, आणि हे दोघेही तिथे पडले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते होती, काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतांनी आले, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३. दुसरे मत वाया घालवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केला असा आंबेडकर-मेहतांचा आरोप होता. दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला. त्यातून निष्पन्न काही झाले नाही.

म्हणजे वाया घालवलेले मत काय करू शकते, याचा चटका दोघांनाही बसलेला होता. तरीही, आंबेडकरी चळवळीत आजवर सांगतात त्याप्रमाणे, भंडाऱ्यात कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले की आपल्या लोकांनी एकच मत हत्तीला द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे आपली जागा पक्की होईल. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने राज्यघटना लिहिली तो मत कुजवायला सांगणार नाही, असे त्यांचे म्हणणे. दलित मतदारांची दुसरी पत्रिका झोपडीत पडली. सवर्ण मतदारांची दुसरी पत्रिका तितक्या प्रमाणात हत्तीकडे आली नाही. आकड्यांचा अर्थ लावणारे काय लावायचा तो लावोत. दोघांचा जाहीरनामा जवळपास एक, मतदार तेच, मतदान त्याच दिवशी, आणि एक वर आला, एक खाली राहिला. जमीनदारी नको, मक्तेदारी नको, कष्टकऱ्याला न्याय हवा, हे सगळे लोकांनी मेहतांच्या तोंडून मान्य केले. तेच बाबासाहेबांच्या तोंडून मान्य करायला हात आखडला.

दोघांच्या विचारात फरक होता तो नेमका इथेच. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकत आहोत. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात व अर्थकारणात मात्र विषमता. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर तिचे चटके खाणारे लोक लोकशाहीची ही इमारत उडवून देतील. त्याआधी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मुख्य उद्योग आणि विमा सरकारी असावा, शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, असा आराखडा मांडला होता. महत्त्वाची गोष्ट अशी की ही अर्थव्यवस्था त्यांना घटनेतच लिहून हवी होती, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या बहुमताच्या लहरीवर ती राहणार नाही. बहुमत कुणाचे असते हे त्यांना चांगले माहीत होते.

मेहतांची जडणघडण वेगळी. जन्म १९११ चा, भावनगरचा. वडील रणजितराम मेहता हे गुजरातीतले नावाजलेले साहित्यिक. त्यांच्या नावाचे सुवर्णचंद्रक गुजरातीत आजही मानाचे आहे. अशोकभाईंचे शिक्षण अहमदाबाद, सोलापूर, मुंबई असे झाले. सविनय कायदेभंगात नाशिकच्या तुरुंगात गेले, तिथे जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्याबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना शिजली. त्यांचे 'हू ओन्स इंडिया?' हे पुस्तक देशातली संपत्ती किती थोड्या घराण्यांच्या हाती आहे याची मांडणी करते. आकडे हा त्यांचा प्रांत होता.

जून १९५३ मध्ये, भंडाऱ्याच्या निवडणुकीआधी वर्षभरही नाही, प्रजासमाजवादी पक्षाचे अधिवेशन बैतूलला भरले. बैतूल आणि भंडारा तेव्हा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. तिथे मेहतांनी मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय निकडी मांडल्या. सार असे: देश इतका गरीब आहे की सत्ताधारी आणि विरोधक यांनी प्रत्येक मुद्द्यावर झुंजत बसणे परवडणारे नाही. विकासाच्या ज्या कामांवर एकमत होऊ शकते तिथे विरोधकांनी सरकारला हात द्यावा आणि मतभेद उरलेल्या जागेत ठेवावेत. पक्षातल्याच राममनोहर लोहियांनी याला कडाडून विरोध केला. त्यांच्या लेखी ही काँग्रेसच्या दारात नेऊन सोडणारी वाट होती.

लोहियांचे पुष्कळसे राजकारण मला पटत नाही, पण इथे ते बरोबर होते, आणि त्यांनी दिलेल्या कारणापेक्षा वेगळ्या कारणाने बरोबर होते. मेहता काँग्रेसमध्ये गेलेच, १९६४ मध्ये. तो मुद्दा गौण. खरी अडचण त्यांच्या गृहीतात होती. गरिबीमुळे भांडण परवडत नाही, हे जो म्हणतो तो भांडणाला चैन समजतो. गरिबाला तर भांडण हे एकच साधन असते. पेढीच्या मालकाला सरकारदरबारी जायला दहा वाटा असतात. सूप घेऊन बसलेल्या बाईला एकच, की आपला माणूस सभागृहात उठून उभा राहील आणि प्रश्न विचारील. बैतूलच्या सिद्धांतात तोच माणूस सरकारच्या बरोबरीने योजनेवर सही करायला बसतो. जसानींच्या निकालाने भंडाऱ्यात जी गोष्ट स्पष्ट केली होती, ती भंडाऱ्याहून निवडून आलेल्या खासदाराच्या सिद्धांतात नव्हती. आणि दोन पेट्यांनी जे दाखवले होते तेही नव्हते: 'मागासलेली अर्थव्यवस्था' या शब्दांत जात मावत नाही.

तरीही मेहता हे नुसते सिद्धांती नव्हते. १९५७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली अन्नधान्य चौकशी समिती नेमली गेली. धान्याच्या भावाची सुगीत घसरण आणि पावसाळ्यात चढण, या फेऱ्यात शेतकरी आणि खाणारा दोघे भरडले जातात आणि मधला व्यापारी तरतो. त्यावर समितीने सांगितले की सरकारने स्वतः खरेदी-विक्रीत उतरून भाव स्थिर ठेवावेत आणि धान्याचा घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने समाजाच्या ताब्यात यावा. १९५९ मध्ये राज्य व्यापाराचा घाईचा प्रयोग फसला. पण १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग आले, त्यामागे जे विचार होते त्यात या समितीचा वाटा मोठा आहे.

भंडारा हा धानाचा जिल्हा. दिवाळीनंतर इथल्या कुठल्याही आधारभूत खरेदी केंद्रावर गेलात तर मेहतांच्या समितीचे अर्धवट यश डोळ्यांनी दिसते. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. भाव आहे, केंद्र आहे, पणन महासंघाचा फलक आहे. पण ऑनलाइन नोंदणी, बारदाना, गोदामातली जागा, भरडाईचा तिढा यांतले काहीतरी एक दरवर्षी अडते. ज्याला लग्नाचे किंवा दवाखान्याचे देणे आहे तो थांबू शकत नाही. तो गावातल्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली धान देऊन मोकळा होतो, आणि पुढे तोच धान कुणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रात चढतो अशी ओरड होते. राज्य सरकारने अलीकडे बोनस क्विंटलमागे देणे सोडून हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, असा केला. व्यापाऱ्याच्या धानाला शेतकऱ्याचा बोनस मिळू नये म्हणून हे केले असेल तर हेतू चांगला. पण ठेक्याने किंवा बटईने कसणाऱ्याच्या नावावर हेक्टर नसतो. दिल्लीत वा मुंबईत बसून न्याय्य भाव ठरवता येतो. तो कुणाच्या हातात पडला हे केंद्राच्या काट्याजवळ उभे राहणाऱ्यालाच दिसते.

१९६३ पासून पाच वर्षे मेहता दिल्लीच्या त्या वरच्या मजल्यावर होते. काळ वाईट होता: दोन युद्धांचा भार, लागोपाठ दोन दुष्काळ, अमेरिकी गव्हाची बोटीबोटीने वाट पाहणे. १९६६ च्या वसंतात ते जागतिक बँकेशी बोलायला वॉशिंग्टनला गेले, आणि ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. परकीय भांडवलाला दार उघडावे असे तेव्हा ते उघडपणे म्हणू लागले होते, आणि त्यावरून जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना फाडून खाल्ले. अवमूल्यनाच्या बदल्यात जेवढी मदत येईल अशी आशा होती तेवढी आली नाही. चौथी योजना लांबणीवर पडली. या काळातले त्यांचे हिशेब चुकले असे म्हणणे आज सोपे आहे. त्या वेळी कोणाचा हिशेब बरोबर होता, हे मात्र कुणी दाखवलेले नाही. मला खटकते ते दुसरेच. इतका मोठा निर्णय संसदेत आधी चर्चेला न येता झाला. देशातल्या प्रत्येक घरातल्या किमतीवर परिणाम करणारी गोष्ट रविवारी रात्री जाहीर झाली. बैतूलच्या विचाराचा हा नैसर्गिक शेवट होता, आणि त्याबद्दल समाजवादी मेहतांना अवघडल्यासारखे वाटल्याची खूण कुठे दिसत नाही. (अवमूल्यन आधी जाहीर करता येत नाही, हे खरे. पण त्यामागचे आर्थिक धोरण तर करता येते.)

१९६७ मध्ये ते पुन्हा भंडाऱ्यात आले, या वेळी बैलजोडी घेऊन, आणि निवडून आले. मतदारसंघ आता एकाच जागेचा होता. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने मोडले गेले होते. दोन पेट्यांचा तो उघडा पुरावा पुन्हा कधी मिळायचा नाही, अशी सोय झाली. राखीव मतदारसंघ वेगळे झाले आणि सर्वसाधारण जागेवरचा सवर्ण मतदार दलित उमेदवाराला मत देतो की नाही, हे मोजायचे कारणच उरले नाही.

मग ऑगस्ट १९६८. सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. सुरक्षा परिषदेत निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. मेहतांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. भंडाऱ्याच्या खासदाराने प्रागसाठी मंत्रिपद सोडावे, हे त्या वेळी अनेकांना हास्यास्पद वाटले असणार. मला ते त्यांच्या आयुष्यातले वळण वाटते. प्रागमध्ये जे चिरडले गेले ते भांडवलशाहीचे बंड नव्हते. समाजवाद ठेवून त्यात बोलण्याची मोकळीक मागणाऱ्या लोकांना चिरडले गेले. पोट भरणारे राज्य तोंड बंद करते तेव्हा काय होते, हा प्रश्न बैतूलनंतर पंधरा वर्षांनी त्यांच्यापुढे असा आला.

सात वर्षांनी तो घरातच आला. १९६९ च्या फुटीत ते संघटना काँग्रेसबरोबर राहिले होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ते तुरुंगात गेले. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला: भूमिहीनांना घरासाठी जागा, वेठबिगारी बंद, ग्रामीण कर्जमुक्ती, शेतमजुरांची किमान मजुरी. यातल्या एकाही कलमाला मेहता विरोध करू शकले नसते; बरीचशी कलमे त्यांच्याच पिढीने वीस वर्षे मागितली होती. देश गरीब आहे, विकासाचे काम तातडीचे आहे, विरोधकांचा गोंगाट परवडत नाही. हा युक्तिवाद आता कोठडीच्या बाहेरून त्यांना ऐकवला जात होता. तो त्यांचाच होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेहतांना सहकार्य हवे होते, सक्ती नव्हे. पण त्या दोहोंमधली भिंत किती पातळ असते, हे त्यांना आतून कळले असणार.

डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारने पंचायत राज संस्थांवर समिती नेमली, अध्यक्ष मेहता. ऑगस्ट १९७८ मध्ये अहवाल आला, १३२ शिफारशींचा. इथे मेहतांचे तिसरे उत्तर आहे, आणि बैतूलच्या मेहतांना ते ओळखू आले नसते. पंधरा ते वीस हजार लोकसंख्येची मंडल पंचायत आणि वर जिल्हा परिषद, असे दोनच स्तर. कर बसवण्याचा अधिकार. विकासाचे अधिकारी जिल्हा परिषदेच्या हाताखाली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. पक्षांनी चिन्हासकट निवडणुका लढवाव्यात, म्हणजे गावातही उघड विरोधी पक्ष असेल. भांडण परवडत नाही म्हणणारा माणूस आता भांडण गावापर्यंत न्यायला सांगत होता. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दुबळ्या गटांसाठी ठेवलेला पैसा त्यांच्यावरच खर्च झाला का, याची सामाजिक तपासणी व्हावी. समितीतले एक सदस्य ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांना हेही कमी वाटले. केंद्रात आणि राज्यात लोकशाही आणि खाली नोकरशाही, ही व्यवस्था यातून मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

जनता सरकार वर्षभरात कोसळले. कर्नाटकने १९८३ मध्ये मंडल पंचायतींचा कायदा केला. महाराष्ट्राने आपल्या जिल्हा परिषदा १९६२ पासून आहेत, त्या काय वाईट, या समाधानात राहणे पसंत केले. मेहता १० डिसेंबर १९८४ ला गेले. ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली ती २४ एप्रिल १९९३ ला.

भंडाऱ्यात या सगळ्याची कसोटी बघायची असेल तर मामा तलावांवर बघावी. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी हे शेकडो तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावर इथला धान पिकला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदार गेला, हे न्यायाचे झाले. पण पाळ कोण दुरुस्त करणार, गाळ कोण काढणार, पाट कोण साफ करणार, ढिवरांना मासेमारीचा ठेका कोणत्या भावात, हे ठरवणारे गावही त्याबरोबर बाजूला पडले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. एकाच नाल्यावर खाली-वर असलेले तलाव कागदावर दोन कार्यालयांचे झाले. पाणी एका घरचे, मालक दोन. दुसरीकडे १९८८ मध्ये पायाभरणी झालेला गोसीखुर्द ३७२ कोटींच्या अंदाजावरून १८ हजार कोटींच्या पुढे गेला. त्या धरणाच्या रकमेच्या किरकोळ हिश्श्यात जिल्ह्यातले किती तलाव गाळमुक्त झाले असते, हा प्रश्न विचारण्याची जागा म्हणजेच मेहतांची जिल्हा परिषद.

त्यांच्या समितीने आणखी एक शिफारस केली होती. राज्य सरकारने पंचायत संस्था बरखास्त करू नये, आणि करावीच लागली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी. हीच सहा महिन्यांची अट ७३ व्या दुरुस्तीने घटनेत घातली, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असेही लिहिले. भंडारा जिल्हा परिषदेची मुदत जुलै २०२० मध्ये संपली. साथीचे दिवस होते, प्रशासक आला. निवडणूक झाली ती २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन हप्त्यांत, कारण मध्येच इतर मागासवर्गीयांच्या जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडला. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या मानाने भंडारा सुटला म्हणायचे. त्या इतर परिषदांत २०२२ पासून प्रशासक बसले आणि वर्षानुवर्षे हलले नाहीत. जवळपास दीड वर्ष भंडाऱ्याच्या परिषदेत तलावदुरुस्तीचा, घरकुलांचा, मागासवर्गीय निधीचा खर्च मंजूर होत राहिला. सभागृहात त्याचा हिशेब कुणी विचारला नाही, कारण विचारायला सदस्यच नव्हते.